भारताच्या तेल-वायू उद्योगातून किती मिथेन सुटतो? तीन आकडे हाती आले, तर खरा कोणता मानायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एम.टेक.च्या प्रबंधासाठी भारताच्या तेल आणि नैसर्गिक वायू उद्योगातून वर्षाला किती मिथेन हवेत जातो ते काढायचं आहे. सरकारी अहवालात एक आकडा मिळाला, आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या म्हणजे आयईएच्या तक्त्यात दुसरा, उपग्रहांवर आधारलेल्या शोधनिबंधात तिसरा. तिघांचं एकमेकांशी जमत नाही. मार्गदर्शक म्हणतात, "उत्पादन गुणिले उत्सर्जन गुणांक, म्हणजे दर एकक उत्पादनामागे किती सुटतं तो आकडा, करा आणि मोकळे व्हा." तसं चालेल का, आणि तिघांपैकी खरा आकडा कोणता?

मार्गदर्शकांचं ऐकलंत तर प्रबंध पुरा होईल. पण तोंडी परीक्षेला कोणी जाणकार बसला असेल, तर "हा गुणांक कुठून आणलात?" या पहिल्याच प्रश्नाला गाडी अडेल. मी बरीच वर्षं तेलक्षेत्रांवर आणि कॉम्प्रेसर स्टेशनांवर गळती-सर्वेक्षणं करतो आणि त्यांवरून वार्षिक हिशेब मांडतो. त्या अनुभवातून सांगतो: हे तीन आकडे तीन निरनिराळ्या गोष्टी मोजतात. कोणात काय धरलंय आणि काय सुटलंय ते आधी लावून घ्या. मग त्यांच्यातला फरकच तुमच्या प्रबंधाचा विषय होऊ शकतो.

सुरुवात मापापासून करा, कारण निम्मा गोंधळ तिथेच असतो. सरकारी आकडे बहुधा कार्बन डायऑक्साइडच्या समतुल्य टनांत दिलेले असतात आणि ते रूपांतर कोणत्या गुणकानं, म्हणजे एक टन मिथेन किती टन कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता वाढवतो असं धरून केलंय, ते तळटीपेत असतं. भारताच्या २०२१ सालच्या तिसऱ्या द्वैवार्षिक अहवालात २०१६ या वर्षासाठी देशाचं एकूण मिथेन उत्सर्जन सुमारे ४०९ दशलक्ष टन समतुल्य आहे, आणि तिथे गुणक २१ आहे. म्हणजे प्रत्यक्ष मिथेन सुमारे १ कोटी ९५ लाख टन. हाच आकडा कोणी सवयीनं २८ नं भागला, तर जवळजवळ ५० लाख टन मिथेन कागदावरच नाहीसा होतो. आयपीसीसीच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल मंडळाच्या, सहाव्या मूल्यांकन अहवालात जीवाश्म मिथेनसाठी शंभर वर्षांचा गुणक २९.८ आहे, वीस वर्षांचा ८२.५. प्रत्येकाला आपापल्या कारणासाठी वेगळा गुणक सोयीचा वाटतो. तुम्ही मात्र सगळं मिथेनच्या टनांत आणा, हिशेब टनांत करा आणि रूपांतर शेवटच्या पानावर करा.

दुसरी गोष्ट हद्दीची. राष्ट्रीय यादीत, म्हणजे सरकारच्या उत्सर्जन-हिशेबात, देशाच्या भूमीवर आणि सागरी क्षेत्रात सुटलेलाच मिथेन धरतात. कतारहून येणाऱ्या एलएनजीसाठी, म्हणजे द्रवरूप नैसर्गिक वायूसाठी, तिथल्या विहिरीवर जे सुटलं ते कतारच्या खात्यात. पण तोच वायू दहेज किंवा दाभोळच्या टर्मिनलवर उतरून पाइपलाइनीत शिरला की पुढची गळती आपल्या खात्यात. त्यामुळे उत्पादनाच्या टप्प्यासाठी देशी उत्पादन घ्यायचं आणि वहन-वितरणासाठी देशी अधिक आयात. २०२२-२३ मध्ये देशी उत्पादन सुमारे ३४.४५ अब्ज घनमीटर होतं आणि एलएनजी आयात सुमारे २६ अब्ज घनमीटर. हे आकडे पेट्रोलियम मंत्रालयाचा पीपीएसी हा कक्ष दरमहा प्रसिद्ध करतो. एकच उत्पादनाचा आकडा सगळ्या टप्प्यांना लावलेले प्रबंध मी पाहिले आहेत. त्यात वहनाचा भाग जवळजवळ निम्मा होऊन बसतो.

आता 'उत्पादन गुणिले गुणांक'. आयपीसीसीच्या २००६ च्या मार्गदर्शिकेत ही पहिली पातळी, म्हणजे टिअर १. त्यात विकसनशील देशांसाठी वायू-उत्पादनाच्या टप्प्यातल्या गळतीचा गुणांक दर दशलक्ष घनमीटरला ०.३८ टन ते २४ टन असा दिलाय. खालचं आणि वरचं टोक यांत साठ पटींहून जास्त अंतर! ३४.४५ अब्ज घनमीटरला लावून पाहा. खालच्या टोकाला सुमारे १३ हजार टन येतात, वरच्या टोकाला ८ लाख २७ हजार टन. आणि हा फक्त एका टप्प्यातल्या एका प्रकारच्या उत्सर्जनाचा हिशेब आहे. यात मधला कुठला तरी आकडा उचलून "भारताचं उत्सर्जन इतकं" असं लिहिलं, तर तो आकडा कॅल्क्युलेटरनं दिला असला तरी निवडलेला तुम्हीच आहे.

मग हा गुणांक निरुपयोगी का? तसंही नाही. २०१९ च्या सुधारणेत हे तक्ते बरेच बदलले. विकसित-विकसनशील ही जुनी विभागणी मागे पडली आणि समुद्रातलं उत्पादन, जमिनीवरचं उत्पादन, चांगल्या किंवा वाईट कार्यपद्धती अशी वर्गवारी आली. सोडून दिलेल्या विहिरींनाही जागा मिळाली. प्रबंधासाठी २००६ चे तक्ते बाजूला ठेवा आणि २०१९ चे वापरा. पण ते वापरायचे तर आपल्या देशातला वायू नेमका कुठून, कोणत्या यंत्रांतून येतो हे माहीत असावं लागतं. तिथे एकच राष्ट्रीय बेरीज घेऊन भागत नाही.

आपल्याकडे देशी वायूचा मोठा हिस्सा समुद्रातून येतो, पण समुद्र म्हणजे एकच चीज नव्हे. मुंबई हायचा शोध १९७४ चा, उत्पादन १९७६ पासून. किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर विहिरींचे अनेक प्लॅटफॉर्म, मधे प्रक्रिया संकुलं, कॉम्प्रेसर, गॅस लिफ्टची, म्हणजे विहिरीत वायू सोडून तेल वर आणण्याची, जाळी. बरीचशी उभारणी काही दशकांपूर्वीची. याउलट कृष्णा-गोदावरी खोऱ्यातलं केजी-डी६ खोल पाण्यात आहे. विहिरींची तोंडं समुद्रतळावर, तिथून पाइप थेट किनाऱ्याकडे. पाण्यावर उघडी यंत्रं फार थोडी. एका घनमीटरमागे दोन्हीकडे गळती सारखीच धरणं म्हणजे निव्वळ आळस.

जमिनीवर चित्र आणखी विखुरलेलं आहे. मेहसाण्याच्या जड तेलाच्या विहिरींत वायू थोडा, पण विहिरी पुष्कळ आणि जीजीएस, म्हणजे गट-संकलन केंद्रं, गावोगाव. बाडमेरचं तेल मेणचट, त्यासाठी गरम ठेवलेली पाइपलाइन. आसामात शतकाहून जुनी तेलक्षेत्रं आणि कमी दाबाचा वायू. तो गोळा करून विकणं परवडत नाही, म्हणून बराच जाळला जातो. अशा ठिकाणी मिथेनचं प्रमाण वायूच्या उत्पादनावर ठरत नाही. विहिरींची संख्या, टाक्या, फ्लेअर (नको असलेला वायू जाळायची उघडी ज्योत) यांवर ठरतं. तेलक्षेत्रातल्या टाक्यांतून जे सुटतं ते वायू-उत्पादनाच्या टक्क्यांत मांडलं, तर मेहसाण्याचा टक्का भयंकर दिसेल आणि केजी-डी६ चा अगदी निर्मळ, आणि दोन्हींतून काहीच कळणार नाही.

वायूची घडणही तपासा. मुंबई हायच्या तेलाबरोबर येणाऱ्या वायूत इथेन-प्रोपेन भरपूर असतात. उरणला ते काढून घेतले जातात, नागोठण्याचा क्रॅकर, म्हणजे त्यांपासून प्लॅस्टिकचा कच्चा माल बनवणारा कारखाना, त्यावरच उभा राहिला, आणि उरलेला हलका वायू थळ-तुर्भ्याच्या खत कारखान्यांसारख्या ग्राहकांकडे जातो. म्हणजे उरणच्या आधी सुटलेल्या एक घनमीटरात मिथेन कमी, उरणच्या नंतर सुटलेल्यात जास्त. सोयीसाठी एक मोजपट्टी देतो. ९० टक्के मिथेन धरला आणि १५ अंश सेल्सिअसला घनमीटरमागे ०.६८ किलो घनता धरली, तर आपल्या वार्षिक उत्पादनाचा एक टक्का म्हणजे सुमारे २ लाख १० हजार टन मिथेन. कुठलाही आकडा समोर आला की या पट्टीशी लावून बघा.

आता सगळ्यात महत्त्वाच्या गोष्टीकडे येतो, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे. गळती सगळीकडे सारखी वाटलेली नसते. अमेरिकेत टेक्सासमधल्या बार्नेट भागाच्या २०१५ च्या अभ्यासात दिसलं, की कोणत्याही क्षणी सुमारे २ टक्के ठिकाणं एकूण मिथेनच्या निम्म्याला जबाबदार असतात. नंतर अनेक अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर सर्वसाधारण चित्रही तेच दिसलं: मोठ्यातल्या मोठ्या ५ टक्के गळत्यांतून निम्म्याहून जास्त वायू जातो. माझ्या स्वतःच्या सर्वेक्षणांत याहून वेगळं काही दिसलेलं नाही. शेकडो फ्लँज (पाइपांचे सांधे) आणि व्हॉल्व्ह तपासावेत तर जेमतेम काही ग्रॅम, आणि टाकीवरच्या एका थीफ हॅचचं, म्हणजे तपासणीच्या झाकणाचं, गॅस्केट बसकं निघावं की बाकी सगळ्यांची बेरीज फिकी पडते.

याचा हिशेबावर काय परिणाम होतो ते एका काल्पनिक उदाहरणानं पाहू. समजा १०० जीजीएस आहेत आणि सगळे मिळून ताशी १००० किलो मिथेन सोडतात. त्यातली पाच केंद्रं प्रत्येकी १०० किलो सोडतात, उरलेली पंचाण्णव मिळून ५००, म्हणजे प्रत्येकी सव्वापाच किलो. तुम्हाला दहाच केंद्रांवर मोजणीची परवानगी मिळाली आणि ती तुम्ही चिठ्ठ्या टाकून निवडली. या दहांत त्या पाचांपैकी एकही न येण्याची शक्यता ५८ टक्के आहे. तसं झालं तर तुमची दहा केंद्रांची बेरीज साधारण ५३ येईल, दहानं गुणून ५२६. खऱ्याच्या निम्मं. एक मोठं केंद्र सापडलं तर बेरीज १४७ आणि गुणाकार १४७४. खऱ्याच्या दीडपट. बरोबर १००० येणं या पद्धतीत जमतच नाही, आणि निम्म्याहून जास्त वेळा तुम्ही खालीच राहता. मोजमाप अचूक, उपकरण कॅलिब्रेट केलेलं, वह्या नीट भरलेल्या, तरीही.

प्रत्यक्षात निवड चिठ्ठ्यांनी होत नाही. परवानगी मिळते ती नीटनेटक्या केंद्रावर, जिथे पाहुणे नेता येतात. त्यामुळे निकाल आणखी खाली झुकतो. गुणांक बसवणारे लोक जगभर याच खड्ड्यात पडलेले आहेत. २०१८ मध्ये अमेरिकेच्या पुरवठा साखळीवरचा मोठा अभ्यास आला. त्यात २०१५ सालासाठी १.३ कोटी टन मिथेन निघाला, उत्पादनाच्या २.३ टक्के, म्हणजे तिथल्या पर्यावरण संस्थेच्या यादीपेक्षा सुमारे ६० टक्के जास्त. रोमानियाच्या तेलक्षेत्रांवर २०१९ साली युरोपीय पथकांनी मोजणी केली, तीही देशानं कळवलेल्या आकड्याच्या किमान अडीचपट निघाली. कोणी मुद्दाम लपवलं असं मी म्हणत नाही. सरासरी यंत्राच्या हिशेबात बिघडलेलं यंत्र बसत नाही, एवढंच.

मग अमेरिकेचे २.३ टक्के आपल्याला लावावेत का? नको. विमानातून केलेल्या जवळजवळ दहा लाख मोजण्यांवरचा २०२४ चा अभ्यास पाहा. अमेरिकेतच वेगवेगळ्या भागांत प्रमाण ०.७५ टक्क्यांपासून ९.६३ टक्क्यांपर्यंत बदलतं. देश एक, केंद्रीय कायदा एक, आणि फरक तेरा पटींच्या आसपास. आयईएची पद्धत मुळात अमेरिकेतल्या मोजमापांवरून तीव्रता, म्हणजे उत्पादनामागे सुटणाऱ्या मिथेनचं प्रमाण, काढते आणि पायाभूत सुविधांचं वय, कंपनीचा प्रकार, फ्लेअरिंग अशा निकषांवर ती इतर देशांसाठी वर-खाली करते. दुसरं काही हाती नसताना हे उपयोगी आहे. पण आयईएचा भारतासाठीचा आकडा म्हणजे भारतात कोणी मोजलेला आकडा नव्हे, हे प्रबंधात एका वाक्यात स्पष्ट लिहा.

फ्लेअरकडे स्वतंत्रपणे बघा. बहुतेक हिशेबांत फ्लेअर ९८ टक्के मिथेन जाळतो असं धरतात, म्हणजे २ टक्के सुटतो. अमेरिकेतल्या तीन तेलखोऱ्यांवर विमानातून केलेल्या २०२२ च्या अभ्यासात, विझलेले फ्लेअर धरून प्रत्यक्ष प्रमाण ९१.१ टक्के आलं. ऐकायला फरक सात टक्क्यांचा, पण सुटणारा मिथेन २ वरून ८.९ वर जातो, म्हणजे जवळजवळ साडेचार पट. आपल्याकडे फ्लेअर किती वायू जाळतात याचे आकडे कंपन्यांच्या अहवालांत असतात, आणि उपग्रहाच्या रात्रीच्या उष्णताचित्रांवरून जागतिक बँक देशवार अंदाज देते. दोन्ही घ्या. एक गोष्ट लक्षात ठेवा: उष्णता पाहणाऱ्या उपग्रहाला पेटलेलाच फ्लेअर दिसतो. विझलेला दिसत नाही, आणि मिथेन सगळ्यात जास्त सोडतो तोच. त्यामुळे "फ्लेअरिंग कमी झालं" या बातमीवर मी लगेच टाळ्या वाजवत नाही. वायू कुठे गेला, पाइपलाइनीत की नुसताच वर, हे आधी विचारतो.

वितरणाच्या बाबतीत उलट दिशेची चूक होते. बॉस्टन शहर परिसरात २०१५ च्या अभ्यासात २.७ टक्के गळती निघाली, आणि तिथे बिडाचे जुने पाइप खूप आहेत. आपल्याकडे शहरी वायू-वितरण तसं अलीकडचं. मुंबईतली महानगर गॅस १९९५ ची, बहुतेक शहरांतलं जाळं त्याहूनही नवं, आणि वस्तीतले पाइप मुख्यतः पॉलिएथिलीनचे. बिडाच्या पाइपांचे गुणांक इथे लावले तर आकडा उगाच फुगतो. पाइपांची लांबी, त्यांचा प्रकार, जोडण्यांची संख्या, सीएनजी पंपांची संख्या अशी फोड करा. आपला खास घटक मात्र वेगळा लिहा: रस्ता खोदताना जेसीबीनं फोडलेला पाइप. मुंबई-पुण्यात राहणाऱ्याला हे समजावून सांगायची गरज नाही. वास येतो, दुरुस्ती लवकर होते, पण तेवढ्या वेळात दाबाखालचा वायू भरपूर जातो. अशा घटनांची नोंद कंपन्यांकडे सुरक्षेसाठी असतेच, मागून बघा.

इथेच एक सापळा आहे. वायू कंपन्यांच्या ताळेबंदात 'हिशेबाबाहेरचा वायू' अशी ओळ असते, आणि विद्यार्थी आनंदानं तीच गळती म्हणून उचलतात. ती गळती नसते. आत आलेला आणि विकलेला वायू यांतला तो फरक आहे. त्यात मीटरची चूक, तापमान-दाबाची दुरुस्ती, पाइपातला साठा, चोरी, सगळं येतं. मोठ्या प्रवाहात मीटरची अर्ध्या-एक टक्क्याची चूकही खऱ्या गळतीपेक्षा मोठी ठरू शकते. एखाद्या वर्षी ही ओळ उणे येते. त्या वर्षी पाइपलाइनीनं हवेतला मिथेन आत ओढून घेतला, असं कोणी म्हणत नाही!

उपग्रहांबद्दल लोकांच्या अपेक्षा फार वाढल्या आहेत. २०१७ मध्ये अवकाशात गेलेल्या सेंटिनेल-५पी या उपग्रहावरच्या ट्रोपोमी उपकरणाचं एक चित्रघटक साधारण ५.५ गुणिले ७ किलोमीटरचं. त्यावरून जगातल्या ताशी २५ टनांहून मोठ्या उधळणी शोधल्या गेल्या, आणि त्यात तुर्कमेनिस्तान ठळक दिसला, कारण तिथे वाळवंट आहे, आकाश स्वच्छ आहे आणि आजूबाजूला दुसरा मोठा स्रोत नाही. भारतात यातलं फारसं काही जमत नाही. पावसाळ्याचे चार महिने ढग. समुद्राचं पाणी अशा उपकरणांच्या तरंगलांबीत काळं दिसतं, त्यामुळे मुंबई हायवर सूर्याचं चकाकतं प्रतिबिंब नेमक्या कोनात मिळेल तेव्हाच काही दिसू शकतं. हे अशक्य नाही. मेक्सिकोच्या कांपेचे आखातात एका प्लॅटफॉर्मवरून डिसेंबर २०२१ मध्ये १७ दिवसांत सुमारे ४० हजार टन मिथेन गेला, तो याच चकाकीच्या पद्धतीनं पकडला गेला. पण त्यासाठी तेवढी मोठी घटना आणि नेमकी फेरी, दोन्ही जुळावं लागतं. चित्रात काही दिसलं नाही म्हणून तिथे काही सुटत नाही, असा अर्थ काढू नका.

शहरावर मिथेनचा ढग दिसला की लगेच वायू-पाइपलाइनीकडे बोट दाखवायचं नाही, हेही आलं. उपग्रहांच्या एका अभ्यासात दिल्ली, मुंबई, लाहोर आणि ब्युनॉस आयर्स इथल्या कचराभूमींतून प्रचंड मिथेन निघताना दिसला. आपल्या देशात मिथेनचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग शेतीतून येतो, मुख्यतः गुरं आणि भातखाचरं, त्याखालोखाल कचरा आणि सांडपाणी. त्या गर्दीत तेल-वायूचा मिथेन ओळखायला इथेनची जोडी पाहावी लागते. खनिज वायूबरोबर इथेन येतो, गुरांच्या पोटातून येत नाही. पण इथेन विमानातून किंवा जमिनीवरून मोजावा लागतो.

हवेतल्या मोजमापांवरून उलट गणित करणारे अभ्यासही तुम्ही वाचले असतील. २०१७ सालच्या एका अभ्यासानं २०१० ते २०१५ या काळात भारताचं एकूण उत्सर्जन वर्षाला सरासरी २.२ कोटी टन काढलं, अनिश्चितता १.९६ ते २.४३ कोटी, आणि ते देशानं कळवलेल्या आकड्याशी जुळतं असं म्हटलं. हे वाचून बरेच जण निर्धास्त होतात. पण ती अनिश्चितताच वर-खाली २३-२४ लाख टनांची आहे. आपली मघाची मोजपट्टी आठवा: उत्पादनाचा एक टक्का म्हणजे दोन लाख टन. तेल-वायूचा आकडा दुप्पट किंवा तिप्पट चुकला तरी देशाची बेरीज हलणार नाही. एकूण जुळलं म्हणून ही ओळ जुळली असं धरता येत नाही.

अपघातांसाठी वेगळं पान ठेवा, गुणांकात ते नसतात. आसामातल्या बाघजानची विहीर २७ मे २०२० रोजी फुटली, ९ जूनला पेटली आणि नोव्हेंबरमध्ये बंद झाली. वर्तमानपत्रांनी आगीचे फोटो छापले, पण मिथेनच्या दृष्टीनं आगीआधीचे जेमतेम दोन आठवडे जास्त महत्त्वाचे, कारण तेव्हा वायू न जळता जात होता. पेटल्यावर बहुतेक मिथेनचा कार्बन डायऑक्साइड झाला. तुम्ही २०२०-२१ हे वर्ष निवडलंत तर दोन काळ वेगळे धरून हिशेब करा. आणि ते वर्ष 'सरासरी वर्ष' म्हणून वापरू नका.

आता तुमच्यापुरतं काय करायचं. हे बरंचसं तुम्हाला किती वेळ आहे आणि एखाद्या कंपनीचं दार उघडतं का यावर अवलंबून आहे. दार उघडलंच नाही, तर घरबसल्या इतकं जमतं: एक वर्ष निवडा, देशाचे पाच-सहा भाग पाडा, म्हणजे पश्चिम किनाऱ्याचा उथळ समुद्र, पूर्वेचा खोल समुद्र, गुजरात, राजस्थान, आसाम आणि शेवटी वहन-वितरण. प्रत्येकाला २०१९ च्या तक्त्यातले गुणांक लावा. फ्लेअर दोनदा काढा, एकदा ९८ टक्क्यांनी आणि एकदा ९१ टक्क्यांनी. प्रत्येक गुणांकाला उजवीकडे लांब शेपूट असलेलं वितरण द्या, म्हणजे थोडे आकडे फार मोठे येऊ शकतील असं; लॉगनॉर्मल चालेल, आणि मोंटे कार्लोनं, म्हणजे यादृच्छिक आकडे हजारो वेळा उचलून, बेरीज करा. उत्तर एका आकड्यात देऊ नका, पट्टा द्या. आणि त्या पट्ट्याची रुंदी सगळ्यात जास्त कशामुळे आहे ते दाखवा. माझा अंदाज, फ्लेअर आणि पश्चिम समुद्रातले जुने प्लॅटफॉर्म वर येतील. ते तसं आलं नाही, तर मला कळवा, कारण मग तुमच्याकडे सांगण्यासारखं काहीतरी नवं असेल.

कोल बेड मिथेन, म्हणजे कोळशाच्या थरांतून विहिरींनी काढलेला वायू, कुठे धरला तेही लिहा. राणीगंज किंवा सोहागपूरच्या विहिरी वायू-उत्पादनात मोडतात, पण काही तक्ते त्या कोळशाच्या रकान्यात टाकतात आणि मग त्या दोनदा येतात किंवा एकदाही येत नाहीत. कोळशाच्या खाणींसाठी धनबादच्या सिम्फर संस्थेनं देशी गुणांक तयार केले आहेत, ते तेलक्षेत्राला लावण्याचा मोह टाळा.

दार उघडलं, तर सगळीकडे फिरण्यात वेळ घालवू नका. टाक्यांची तोंडं, कॉम्प्रेसरची सील, फ्लेअरची ज्योत, व्हेंट पाइप, या चार गोष्टी इन्फ्रारेड कॅमेऱ्यानं बघा. कॅमेऱ्यात धूर दिसला म्हणजे गळती आहे एवढंच कळतं, किती आहे ते नाही. त्यासाठी हाय-फ्लो सॅम्पलर (गळतीभोवतीची हवा ओढून दर मोजणारं यंत्र) किंवा पिशवी लावून वेळ मोजायची जुनी पद्धत हवी. हातातल्या उपकरणावरचा पीपीएमचा, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत मिथेन किती याचा, आकडा दराच्या जागी वापरू नका. तो उपकरण गळतीच्या किती जवळ धरलं आणि वारा किती होता यावर बदलतो. मिळालेला ताशी दर वर्षाच्या ८७६० तासांनी गुणण्याआधी विचारा, ही गळती कधीपासून आहे? टाकी दिवसातून दोनदाच भरत असेल, तर तिचा व्हेंट दिवसभर वाहत नाही.

आणि हे विचारायचं कोणाला? व्यवस्थापकाला नव्हे, रात्रपाळीच्या ऑपरेटरला. रात्री यंत्रांचा इतर गोंगाट कमी असतो, कुठे सूंऽऽ होतंय ते त्याला पाठ असतं, आणि कोणता व्हॉल्व्ह गेल्या शटडाउनपासून नीट बसत नाही हेही तोच सांगतो. त्याच्या सांगण्यावरून निवडलेली दहा ठिकाणं चिठ्ठ्यांनी निवडलेल्या दहांच्या यादीत मिसळू नका. दोन याद्या वेगळ्या ठेवा: एक सरासरीसाठी, दुसरी मोठ्या गळत्यांसाठी. प्रबंधाची मांडणीही त्याच दोन भागांत करा, म्हणजे मार्गदर्शकांचा गुणाकार पहिल्या भागात आपोआप बसेल.